नवीन आणलेला पोपट आजारी पडला तर घरी काय करायचं (आणि काय अजिबात करायचं नाही)

आमचा बाबल्या कॉकटेल आहे. खरं नाव कॉकाटिएल, ऑस्ट्रेलियातला छोटा पोपट, पण पक्ष्यांच्या दुकानात सगळे कॉकटेलच म्हणतात म्हणून मीही तेच लिहिते. राखाडी अंग, पिवळं तोंड, गालांवर केशरी टिकल्या आणि डोक्यावर तुरा. ठाण्यातल्या ओळखीच्या लोकांना परदेशी जायचं होतं, त्यांनी विचारलं घेणार का, आम्ही हो म्हटलं आणि जूनच्या शेवटी, पाऊस नुकता धरला होता तेव्हा, स्वारी मुंबई-गोवा हायवेचे सगळे खड्डे खात देवगडला आली. बाराव्या दिवशी आजारी पडली. आम्हाला तेव्हा काही म्हणजे काही माहीत नव्हतं, जे कळलं ते डॉक्टरांकडून आणि चुका करून, तेच लिहितेय.

आधी कायद्याचं उरकते. हे सगळं परदेशी जातींबद्दल आहे, कॉकटेल, बजी, लव्हबर्ड वगैरे. आपला हिरवा, गळ्यात कंठ असलेला पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग तो माडावरून पडलेला सापडलेला असो आणि आजीने कितीही मायेने वाढवलेला असो. पावसात असं पिल्लू मिळालं तर खोक्यात ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन करा. आफ्रिकन ग्रे, मकाव, सन कोन्युर असलं काही दत्तक घेताय तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते, आधीच्या मालकाकडे कागद मागा. कॉकटेल आणि बजीला ती भानगड नाही.

आता मूळ मुद्दा. पोपट आजार लपवतो. जंगलात जो आजारी दिसला त्याला ससाणा आधी उचलणार, त्यामुळे तो शेवटपर्यंत मी ठणठणीत आहे असंच दाखवत बसतो आणि आपल्याला कळेपर्यंत बऱ्याचदा चार-पाच दिवस उलटून गेलेले असतात. जुना पक्षी असेल तर आपल्याला निदान त्याचा रोजचा अवतार माहीत असतो, आज शीळ घातली नाही, आज आंघोळीला आला नाही, असं चटकन खटकतं. नवीन पक्ष्याचं नॉर्मल काय हेच माहीत नसतं ना! आम्हाला वाटलं बाबल्या मुळातच शांत आहे, गुणी आहे बिचारा, किती गप्प बसतो. नंतर ठाण्याला फोन केल्यावर कळलं की तिथे तो सकाळी सहाला अख्ख्या बिल्डिंगला उठवायचा.

म्हणून दत्तक घेतानाच विचारून लिहून घ्या. काय खातो, किती वाजता झोपतो, कुठल्या शिट्ट्या मारतो, वजन किती, आधी कधी आजारी पडला होता का, मादी असेल तर अंडी घातलीयेत का. आणि शक्य असेल तर त्याच्या नेहमीच्या जागी बसलेला, खातोय, ओरडतोय असा दोन मिनिटांचा व्हिडिओ मागून घ्या, कारण चार दिवसांनी तुम्हाला शंका आली की तुलना करायला तेवढंच हातात असतं.

वजनकाटा पहिल्या दिवसापासून

खरं तर हे मी सगळ्यात वर लिहायला हवं होतं. किचनचा डिजिटल काटा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, चार-पाचशेला मिळतो, तो पक्ष्याच्या आधी घरात यायला हवा. रोज सकाळी उठल्यावर पहिली शी झाली की खायला देण्याआधी वजन घ्यायचं, रोज त्याच वेळी. आम्ही श्रीखंडाचा रिकामा डबा काट्यावर ठेवून शून्य करतो आणि त्यात राळ्याचे चार दाणे टाकतो, बाबल्या आत उतरतो, तुरा खाली करून दाणे टिपतो आणि तेवढ्यात आकडा बघून घ्यायचा. पहिले दोन दिवस डब्याला घाबरला, तिसऱ्या दिवसापासून स्वतःच डब्याकडे चालत यायला लागला.

कॉकटेल साधारण ८० ते १०० ग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे दोन लिंबांएवढा जीव. त्यात रोज एक-दोन ग्रॅम इकडेतिकडे होणारच. पण दहा टक्के वजन गेलं म्हणजे प्रकरण गंभीर आहे, थांबायचं नाही. आमचा आला तेव्हा ८८ होता. पहिल्या आठवड्यात ८६, ८५ झालं तेव्हा आम्ही म्हटलं प्रवासाचा शीण असेल. बाराव्या दिवशी काटा ७९ दाखवत होता. पिसं फुललेली असल्याने तो उलट जाडा दिसत होता! डोळ्यांवर जाऊ नका. छातीच्या मधोमध एक हाड असतं, त्यावर हलकं बोट फिरवून बघा, दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागलं पाहिजे. हाड सुरीच्या धारेसारखं हाताला लागलं तर पक्षी आतून खंगत चाललाय.

दुसरी गोष्ट शी. हसू नका, पक्षी पाळायचा तर शी वाचायला शिकावंच लागतं. पिंजऱ्याच्या तळाला साधा पांढरा कागद किंवा पेपर घालायचा, भुसा नको, पेंढा तर नकोच नको, पावसात दोन दिवसांत बुरशी धरते. शीचे तीन भाग असतात, एक हिरवट किंवा तपकिरी जाडसर वळी, एक पांढरा खडूसारखा भाग आणि भोवती थोडं पाणी. तो पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी हिरवा व्हायला लागला तर लिव्हरकडे काहीतरी गडबड असू शकते, बाबल्याचं तेच झालं होतं. अगदी थोडी, गडद हिरवी शी म्हणजे बहुधा खातच नाहीये, नुसता दाणे सोलल्याचं नाटक करतोय. आख्खे दाणे तसेच बाहेर पडताना दिसले तर पचन बिघडलंय. डांबरासारखी काळी असेल तर आत रक्त असू शकतं. नुसतं पाणी जास्त असेल तर मात्र लगेच घाबरू नका, प्रवास, भीती, काकडी खाल्ली, कशानेही तसं होतं, काही तासांत ताळ्यावर येतं. आणि रंग बघण्याआधी काय खाल्लंय ते घरातल्यांना विचारा, कारण पहिल्याच आठवड्यात एका सकाळी कागदावर जांभळे डाग बघून माझे हातपाय गळाले होते आणि मग धाकट्याने कबूल केलं की त्याने आदल्या संध्याकाळी झाडावरचं शेवटचं जांभूळ बाबल्याबरोबर वाटून खाल्लं.

बाकी लक्षणं पटकन सांगते. पिसं फुलवून दिवसाढवळ्या झोपणं, तेही दोन्ही पायांवर (धडधाकट पक्षी बहुतेक वेळा एक पाय पोटाशी घेऊन झोपतो). श्वासाबरोबर शेपूट वरखाली हलणं. चोच उघडी ठेवून श्वास, तेही उकडत नसताना. दांडीवरून उतरून तळाला जाऊन बसणं. नाकपुडी ओली किंवा बंद. डोक्यावरची पिसं चिकट होणं म्हणजे उलटी करून डोकं झटकलंय. यात एक गंमत, नर असेल तर तो आरशाला नाहीतर तुमच्या अंगठ्याला लाडाने घास काढून भरवतो, मान लयीत वरखाली करत, ती उलटी नव्हे, ते प्रेम आहे. मादी तळाला बसून जोर करत असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं, तिथे घरी काही करत बसू नका, तेल-बिल लावून ओढायला तर अजिबात जाऊ नका, सरळ डॉक्टर.

आधी ऊब, मग बाकी सगळं

पक्ष्याचं अंग आपल्यापेक्षा गरम, साधारण ४० ते ४२ अंश. आजारी पक्ष्याची सगळी ताकद ते तापमान राखण्यात जाते, खाणं तुटलं की इंधन संपतं. म्हणून डॉक्टर मिळेपर्यंत घरी करण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उबदार, अंधुक, शांत जागा.

आमच्याकडे त्यासाठी आंब्याची पेटी कामी आली. लाकडी नाही, तिला खिळे आणि सालपटं असतात, पुठ्ठ्याची. तिला हवेसाठी भोकं आयतीच असतात. तळाला कागद, त्यावर सुती नॅपकिन, टर्किश टॉवेल नको कारण त्याच्या धाग्यांच्या कड्यांत नखं अडकतात. दांडी ठेवायची तर अगदी तळाशी, इंचभर उंचीवर, नाहीतर नकोच. खाणं आणि पाणी उथळ झाकणांत, त्याच्या चोचीसमोर. पेटीच्या एकाच बाजूला ऊब द्यायची, दुसरी बाजू तशीच ठेवायची, म्हणजे जास्त झालं तर तो सरकू शकतो. आमच्याकडे जुना पिवळा ६० वॅटचा बल्ब होता, तो टेबललॅम्पमध्ये लावून पेटीच्या बाहेरून, पुठ्ठ्याला चिकटणार नाही असा. आत छोटा थर्मामीटर, २९-३० अंशांवर. चोच उघडून धापा टाकायला लागला, पंख अंगापासून लांब धरले की समजायचं जास्त गरम झालं. मे महिन्यात हे वाचत असाल तर आपल्या घरात आधीच ३३ असतं, तेव्हा बल्ब लावून त्याला भाजू नका, आधी थर्मामीटर बघा.

आता कोकणातला पावसाळा म्हटल्यावर लाईट जाणारच. दुसऱ्या रात्री एकच्या सुमाराला गेली, बाहेर वारा असा की माड जमिनीला टेकतायत. पेटीतला आकडा पंचवीस मिनिटांत २६ वर आला. गॅसवर पाणी तापवलं, शेकायच्या रबरी पिशवीत भरलं, सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात दोनदा गुंडाळून पेटीच्या कडेला लावलं. बाबल्या आधी मागे सरकला, मग दोन मिनिटांनी हळूच पिशवीला पाठ लावून बसला आणि डोळे मिटले. दर पाऊण तासाने पाणी बदलत पहाटे पाचपर्यंत मी आणि नवरा आळीपाळीने जागलो. पिशवी नसेल तर गरम पाण्याची बाटली चालते, फक्त झाकण घट्ट बघा, पेटीत पाणी सांडलं तर ओला पक्षी आणि गार हवा, त्याहून वाईट काही नाही. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी लॅम्पचा प्लग त्यावर घ्या, टीव्हीचा काढा.

पेटी घरातल्या आतल्या खोलीत ठेवायची. पडवीत, ओट्यावर नाही. वारा आणि पावसाची झड तर आहेच, वर मांजर, आणि आपल्याकडे धामण आत शिरायला वेळ लागत नाही. मुंग्या विसरू नका, पावसात त्या खाण्याच्या वासाने रांग लावून येतात, आम्ही पेटी स्टुलावर ठेवून स्टुलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले होते.

आणि धूर. पक्ष्याची फुफ्फुसं फार नाजूक आणि फार कामसू असतात, हवेत जे असेल ते सगळं ओढून घेतात. मच्छर कॉइल बंद, उदबत्ती आणि धूप दुसऱ्या खोलीत, रूम फ्रेशनर बंद, न्हाणीच्या चुलीत नारळाची सोडणं पेटवली की तिकडचा दरवाजा लावून घ्यायचा. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्यातून निघणाऱ्या वाफेने पोपट काही मिनिटांत मरतात, आजारी काय आणि चांगला काय, आणि त्या वाफेला वासही येत नाही. आमचे घावणे तसेही बिडाच्या तव्यावरच होतात म्हणून वाचलो, पण सुनेने हौसेने आणलेलं नॉनस्टिक माळ्यावर गेलं (सून म्हणजे मीच).

जे मी केलं आणि तुम्ही करू नका

बाबल्या फुलून बसल्यावर मी काय केलं? पशुखाद्याच्या दुकानात गेले, तिथल्या माणसाने कोंबड्यांना देतात ती अँटिबायोटिकची पुडी दिली, म्हणाला चिमूटभर पाण्यात टाका, पोल्ट्रीवाले सगळे नेतात. टाकली. पाणी कडू झालं, बाबल्याने पाणी पिणंच सोडलं, दोन दिवस फुकट गेले आणि चार ग्रॅम. नंतर डॉक्टरांनी समजावलं की आजारी पक्षी मुळात पाणी कमी पितो, त्यामुळे पाण्यातून पोटात किती औषध गेलं याचा पत्ता लागत नाही, आणि अर्धवट अँटिबायोटिकमुळे पुढच्या टेस्टही फसतात. शेजारच्या काकी म्हणाल्या, "गो बाये, तेका वायच ब्रँडी चाटव, सकाळपर्यंत बरो होतलो." काकींचं मन मोठं आहे, पण ब्रँडी नाही, हळदीचं दूध नाही, काढा नाही, आपली क्रोसिन तर मुळीच नाही. चोच उघडून पाणी ओतणंही नाही, ते श्वासनळीत जातं आणि आजाराआधी त्यानेच पक्षी जातो.

डॉक्टरांचं म्हणाल तर आपल्याकडे अडचण आहे हे मान्य. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशी, शेळ्या, कुत्री. तरी मी आधी तिथेच गेले आणि बरं केलं, कारण तिथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की पोपट माझा विषय नाही, पण मी तुम्हाला विषय असलेला माणूस गाठून देतो, आणि फोनवरून कोल्हापूरच्या पक्ष्यांच्या डॉक्टरांशी बोलून दिलं. पोपट बघणाऱ्या डॉक्टरला एक्झॉटिक व्हेट म्हणतात, मुंबई-पुण्यात आहेत, मुंबईत परळला १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. तुमच्या सगळ्यात जवळचा कोण, हे पक्षी आणायच्या आधी शोधून नंबर सेव्ह करून ठेवा. रात्री अकराला गुगल करत बसण्यात काय हाल असतात ते मला विचारा. आणि पावसात घाटात दरड आली तर कुठल्या रस्त्याने जायचं तेही ठरवून ठेवा, आम्ही गगनबावड्याकडून गेलो.

जाताना काय न्यायचं तर वजनाची वही, रात्रभराचा शी असलेला कागद (घडी न घालता, प्लॅस्टिकच्या डब्यात), खाण्याचं पाकीट, आणि मोबाईलवर घरी शांत बसलेला असतानाचा व्हिडिओ. व्हिडिओ सगळ्यात महत्त्वाचा, कारण डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या ठेवल्या हे महाशय पिसं घट्ट करून, तुरा उभारून, मला काय झालंय अशा थाटात बघायला लागले. गाडीत पेटीतली पाण्याची वाटी काढून काकडीचे तुकडे ठेवायचे, म्हणजे हिंदकळून ओला होत नाही. गरम पिशवी सोबत, एसी बंद, गाणी बंद.

डॉक्टरांनी एक प्रश्न असा विचारला जो माझ्या डोक्यातही आला नसता. घरात मासेमारीचं जाळं आहे का? पागाच्या, म्हणजे हाताने फेकायच्या जाळ्याच्या, कडेला शिशाच्या गोळ्या असतात, पोपटाला मऊ धातू चावायला आवडतो, आणि शिसं पोटात गेलं की झटके, लुळेपणा, हिरवी शी. तीच गत स्वस्त पिंजऱ्याच्या जस्ताच्या मुलाम्याची. आमच्या पडवीत सासऱ्यांचा पाग टांगलेला आहे, पण बाबल्या तिथे कधी गेला नव्हता. किनाऱ्यावरच्या घरांनी हे लक्षात ठेवा, सगळे डॉक्टर विचारतीलच असं नाही, तुम्ही आपणहून सांगा.

स्वॅब घेतले, पीसीआरला पाठवले, आलं सिटॅकोसिस. क्लॅमिडिया सिटासी नावाच्या जिवाणूमुळे होतो, कॉकटेलमध्ये बराच आढळतो, आणि कित्येक पक्षी वर्षानुवर्षं तो अंगात घेऊन नीट जगत असतात. घर बदललं, माणसं बदलली, प्रवास झाला, गारठा लागला की प्रतिकारशक्ती ढासळते आणि आजार वर येतो. नवीन आणलेलेच पक्षी पहिल्या महिन्यात का आजारी पडतात त्याचं हे एक मोठं कारण. ठाण्याच्या लोकांना उगाच मनात दोष देत होते मी, त्यांनी काही लपवलं नव्हतं.

हा आजार माणसालाही होतो. वाळलेल्या शीची धूळ नाकात गेली की ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला, कधी न्यूमोनिया. म्हणून पिंजरा कधीच कोरडा झाडायचा नाही, कागदावर आधी पाण्याचा स्प्रे मारायचा, मग घडी करून पिशवीत. मास्क लावायचा, हात साबणाने धुवायचे, आणि चोचीला ओठ लावून पापा घेणं काही दिवस बंद. घरात म्हातारी माणसं किंवा गरोदर बाई असेल तर हे काम त्यांना द्यायचंच नाही. सासूबाईंना त्याच आठवड्यात खोकला झाला, आम्ही त्यांच्या डॉक्टरांना आधीच सांगितलं की घरात असा असा पक्षी आहे, निघाली साधी सर्दी, पण सांगणं आपलं काम. घरच्या गावठी कोंबड्या असतील तर त्यांच्यापासूनही लांब, दुसरा पोपट असेल तर वेगळी खोली, आणि चांगल्याचं आधी करून मग आजाऱ्याकडे जायचं, उलट नाही. खरं म्हणजे नवा पक्षी आजारी नसला तरी पहिला महिना-दीड महिना वेगळाच ठेवायला हवा.

औषध पाजणं

डॉक्सिसायक्लिन, दिवसातून किती आणि किती थेंब ते डॉक्टरांनी वजनावरून ठरवलं, तो आकडा मी मुद्दाम लिहीत नाही कारण तुमच्या पक्ष्याचा वेगळा असेल. कोर्स पंचेचाळीस दिवसांचा. चौथ्या-पाचव्या दिवशी पक्षी तरतरीत दिसायला लागतो आणि घरातलं कोणीतरी म्हणतंच की आता कशाला त्या जिवाला त्रास, झाला की बरा. नाही झालेला. अर्ध्यावर सोडलं तर आजार परत येतो.

पकडायची पद्धत अशी. खोलीची दारं-खिडक्या बंद, पंखा बंद (पंखा बंद, परत एकदा). नॅपकिन हातावर घेऊन मागून अलगद, अंगठा आणि पहिलं बोट जबड्याच्या दोन्ही बाजूंना, बाकीची बोटं पाठीवरून. छाती दाबायची नाही. आपल्यासारखा छाती आणि पोटामधला पडदा पक्ष्याला नसतो, श्वास घ्यायला त्याची छाती पुढेमागे हलावी लागते, घट्ट धरलंत तर तो गुदमरतो, मग तोंड मोकळं असलं तरी उपयोग नाही. सुई नसलेली एक एमएलची सिरिंज चोचीच्या त्याच्या डाव्या कडेने आत, टोक उजवीकडे रोखून, आणि एकेक थेंब. थेंब, मग थांबायचं, तो जीभ हलवून गिळतो ते दिसतं, मग पुढचा. डोकं उभंच हवं, उताणा करून कधीच नाही. पहिल्या दिवशी अर्धं औषध माझ्या गाऊनवर होतं आणि बोटाला दोन चावे. आठव्या दिवशी वीस सेकंदांत आटपायला लागलं. नंतर लगेच राळ्याचं कणीस द्यायचं, म्हणजे नॅपकिनबद्दलचा राग जरा निवळतो.

आता कटलबोनचं. पक्ष्यांना कॅल्शियमसाठी कटलबोन देतात, दुकानात पैसे देऊन मिळतं, आणि आपल्या किनाऱ्यावर ते फुकट पडलेलं असतं, माखली नावाच्या समुद्री जीवाचं पांढरं हलकं हाड, वैद्य लोक समुद्रफेन म्हणतात तेच. मी मोठ्या अभिमानाने वाळूतून निवडून आणलं, चार दिवस गोड्या पाण्यात भिजवून रोज पाणी बदललं, वाळवलं आणि पिंजऱ्याला बांधलं. डॉक्टरांनी फोटोत बघितलं आणि म्हणाले ते काढा आधी. कॅल्शियम या औषधाला पोटातच धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. म्हणजे आम्ही एका हाताने औषध देत होतो आणि दुसऱ्या हाताने अडवत होतो. कोर्स चालू असेपर्यंत कटलबोन, कॅल्शियमचे थेंब सगळं बंद, डॉक्टर वेगळं सांगेपर्यंत.

खाणं

आजारपणात चांगलं-वाईट बघायचं नाही, जे खातो ते द्यायचं. ठाण्याला तो सूर्यफुलाच्या बिया आणि कांगणी खायचा (कांगणी म्हणजे आपले राळे), मी आल्या आल्या त्याला पौष्टिक पेलेट (पक्ष्यांच्या तयार खाण्याच्या गोळ्या) सुरू करायला निघाले होते, चूक. पक्षी नवं खाणं ओळखतच नाही, भांडं भरलेलं दिसतं आणि तो उपाशी राहतो. बदल नंतर, बरा झाल्यावर, हळूहळू. तोवर कणीस, सोललेले दाणे, उकडलेलं अंडं कुस्करून, मऊ भात. आमच्याकडे सगळ्यात चालली ती उकड्या तांदळाची पेज, मीठ न घातलेली, कोमट, त्यातले शितं तो एकेक उचलून खायचा आणि चोच पेटीला पुसायचा. ओलं खाणं दोन तासांत उचलायचं, आपल्या हवेत त्याच्यापुढे आंबतं. कॉकटेल रात्री घाबरून पंख आपटतात म्हणून तसाही मंद दिवा लागतोच, त्या उजेडात बाबल्या साडेनऊ-दहालाही दोन घास खायचा. सिरिंजने भरवायची वेळ आली तर ते डॉक्टरांनी समोर दाखवल्याशिवाय करू नका.

चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, खारट काही नाही, आणि हल्ली बाजारात दिसणारं अवोकाडो तर पोपटाला विषच आहे.

बियांचं एक सांगायचं राहिलं. आपल्याला आगोटीची सवय, मे महिन्यात सगळं चार महिन्यांचं भरून ठेवायचं, मी बाबल्याचंही पाच किलो मागवलं होतं. जुलैत पिशवी उघडली तर कुबट वास. दमट हवेत दाण्यांना, विशेषतः शेंगदाण्यांना, जी बुरशी येते तिचं विष लिव्हरवर जातं, आणि बुरशीचे कण नाकातून गेले तर फुफ्फुसात जाऊन बसतात, तो वेगळाच आजार. पाचही किलो शेणखताच्या खड्ड्यात गेले. आता अर्धा किलो आणते, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवते. बेगमी माणसांसाठी ठीक आहे.

वजन कसं वाढलं म्हणाल तर औषधाच्या तिसऱ्या दिवसापर्यंत ७९ वरच, मग ८०, ८०, ८२, एकदा परत ८१, तेव्हा मी रडायच्या बेतात होते पण एका दिवसाच्या आकड्याने काही ठरत नाही, तीन दिवसांचा कल बघायचा. दोन आठवड्यांनी ८५. पेटीतून पिंजऱ्यात हलवताना बल्ब एकदम काढायचा नाही, रोज एक-दोन अंश कमी करत यायचं, आणि दांड्याही आधी खाली, मग मधे, मग वर, कारण आठवडाभर तळाला बसलेल्या पक्ष्याच्या पायात जोर नसतो आणि वरून पडला तर नवं दुखणं. या काळात पाहुणे नकोत, नवी खेळणी नकोत, उचलून लाड करणंही बेताचंच. शेजारी बसून पेपर वाचा, भाजी निवडा, तेवढी सोबत त्याला पुरते.

पंचेचाळीस दिवस संपले तेव्हा गणपती तोंडावर आले होते, धूप-आरतीच्या खोलीपासून पिंजरा सगळ्यात लांबच्या खोलीत हलवला. कोर्सनंतर काही आठवड्यांनी परत टेस्ट करायला सांगितली होती ती केली, निगेटिव्ह आली. मग ते समुद्रफेन परत बांधलं. पहिल्याच दुपारी अर्धं कुरतडून खाली सगळा पांढरा चुरा करून ठेवला त्याने, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पहिल्यांदा शीळ घातली, इतकी मोठ्याने की काकी पलीकडून विचारायला आल्या काय झालं म्हणून. वजन ९१.